जाळपोळ, गंभीर (फौजदारी कायदा)

माणसांच्या राहण्यासाठी, उपासनेसाठी किंवा मालमत्ता ठेवण्यासाठी सामान्यतः वापरली जाणारी इमारत आगीने अथवा स्फोटक पदार्थाने नष्ट करण्याच्या उद्देशाने, किंवा तसे होण्याचा संभव आहे हे ठाऊक असताना, केलेली आगळीक, म्हणजे हेतुपुरस्सर किंवा जाणूनबुजून केलेले मालमत्तेचे नुकसान. भारतीय दंड संहितेच्या (१८६०) कलम ४३६ मधील ही तरतूद १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२६ मध्ये आली. शिक्षा जन्मठेप किंवा १० वर्षांपर्यंत कारावास, आणि दंड. ‘आगळीक’ हा कायद्याचा मराठी शब्द एवढ्या मोठ्या अपराधाला फारच सौम्य वाटतो. इंदूरच्या मराठी माणसाला कोर्टात त्याऐवजी हिंदी ‘रिष्टि’ ऐकू येते आणि वर्तमानपत्रात ‘आगजनी’ वाचायला मिळते.

गांभीर्य ठरते ते ज्वाळांच्या उंचीवरून नव्हे, तर इमारतीच्या वापरावरून आणि आरोपीच्या मनातील हेतूवरून किंवा जाणिवेवरून. जुन्या इंदुरातील एखाद्या लाकडी वाड्याच्या जिन्याखाली उभी असलेली स्कूटर कोणी वैरापोटी पेटवली, तर वरवर पाहता ते मालमत्तेचे नुकसान, म्हणजे ७ वर्षांपर्यंतच्या कारावासाचे प्रकरण होय. परंतु जिना लाकडी आहे, वर बिऱ्हाडे झोपली आहेत आणि आग तिथवर जाऊन वाडा जळण्याचा संभव आहे हे त्याला माहीत होते असे सिद्ध झाले, तर तेच कृत्य जन्मठेपेच्या कक्षेत जाते. बिऱ्हाडकरू त्या रात्री गावाला गेले होते, हा बचाव सहसा उपयोगी नाही, कारण कायदा ‘सामान्यतः’ होणारा वापर पाहतो. कापडाचे गोदामही याच तरतुदीत येते. साध्या जाळपोळीसाठी जुन्या संहितेत नुकसानीची १०० रुपयांची, शेतमालाबाबत १० रुपयांची किमान मर्यादा होती. नव्या संहितेत ती उरली नाही.

स्वतःची मालमत्ता जाळणेही, दुसऱ्याचे बेकायदेशीरपणे नुकसान करण्याचा हेतू असल्यास, आगळीक ठरू शकते. विम्यासाठी लावलेली आग हे त्याचे उघड उदाहरण. केवळ निष्काळजीपणाने लागलेली आग मात्र यात बसत नाही. आगीत कोणी दगावल्यास मनुष्यवधाचा किंवा खुनाचा आरोप वेगळा ठेवला जातो. राहत्या घराला किंवा मालमत्ता ठेवण्याच्या जागेला आग लावणाऱ्याविरुद्ध खासगी संरक्षणाचा हक्क, कायद्याने घातलेल्या मर्यादांत राहून, त्याचा प्राण घेण्यापर्यंत पोहोचू शकतो.

इंदूरचा होळकरांचा राजवाडा १८०१ मध्ये शिंद्यांचे सरदार सर्जेराव घाटगे यांच्या स्वारीत आणि पुन्हा १९८४ च्या दंगलीत जळाला. खालचे तीन मजले दगडी, वरचे लाकडी अशी त्याची बांधणी आहे.