मासेमारी नौकेसाठी मोफत उपग्रह ट्रान्सपॉन्डर : पात्रता, कागदपत्रे आणि बसवताना घ्यायची काळजी

किनारा सोडून काही मैल आत गेलं की मोबाइलची रेंज जाते, आणि नौकेवरच्या व्हीएचएफ रेडिओची पोचही फार लांब नसते. त्यापुढे जाणाऱ्या नौकांसाठी प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेतून इस्रोने विकसित केलेला ट्रान्सपॉन्डर, म्हणजे उपग्रहामार्फत संदेश पाठवणारं आणि घेणारं यंत्र, दिला जातो. 30 ऑगस्ट 2024 रोजी पालघरमध्ये या उपक्रमाची देशव्यापी सुरुवात झाली. 1 लाख नौका आणि 364 कोटी रुपये, असा हा आराखडा आहे. यंत्र मोफत आहे, त्यासाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नका.

पात्रता माणसाची नव्हे, नौकेची पाहिली जाते. नौका यांत्रिक किंवा मोटार बसवलेली आणि नोंदणीकृत हवी. नोंदणी क्रमांकातली अक्षरं बघा : ‘एमएम’ किंवा ‘एमओ’ असेल तर नौका या गटात बसते, ‘एनएम’ म्हणजे बिगरयांत्रिक. पूर्वी वल्ह्या-शिडाच्या असलेल्या होडीला पुढे इंजिन बसवलं, पण नोंद तशीच राहिली असेल, तर आधी ती बदलून घ्या.

चौकशी आणि अर्ज आपल्या बंदराच्या परवाना अधिकाऱ्याकडे किंवा जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात करावा. नोंदणी प्रमाणपत्र, चालू मासेमारी परवाना, मालकाचं आधार आणि वापरातला मोबाइल क्रमांक तयार ठेवा. खरी अडचण इथेच येते. नौका विकली पण नावावर केली नाही, किंवा मूळ मालक वारले आणि वारसनोंद राहिली, तर कागद जुळत नाहीत. हे अंगावर काढू नका : संकटाचा संदेश आला की शोध घेणारे याच नोंदीवरून नौका आणि घरची माणसं गाठतात.

बसवताना अँटेनावर मोकळं आकाश हवं. लोखंडी छताखाली किंवा डोलकाठीला चिकटून लावलेल्या यंत्राचा सिग्नल तुटतो. वर जाळी किंवा ताडपत्री टाकू नका. वायरचे जोड खाऱ्या हवेने गंजतात, ते पावसाळी बंदीच्या काळात, 1 जून ते 31 जुलैमध्ये, तपासून घ्या.

यंत्रावरचे संदेश दाखवणारं ‘नभमित्र’ ॲप तांडेलाच्या, म्हणजे समुद्रात नौका सांभाळणाऱ्या प्रमुखाच्या, फोनमध्ये टाका आणि ब्लूटूथने यंत्राला जोडा. मालक घरी आणि ॲपही त्याच्याच फोनमध्ये, असं झालं तर हवामानाचा इशारा किंवा सागरी हद्दीची सूचना नौकेवर कोणी वाचणारच नाही. बंदर सोडण्याआधी धक्क्यावरच एक साधा संदेश पाठवून पाहा. एसओएसचं, म्हणजे संकट कळवण्याचं, बटण मात्र चाचणीसाठी दाबू नका.