तापमापकावरील दोन खुणा आणि त्यांमधून जाणारी रेषा

पाणी गोठते ते तापमान ० अंश सेल्सिअस किंवा ३२ अंश फॅरनहाइट, आणि उकळते ते १०० अंश सेल्सिअस किंवा २१२ अंश फॅरनहाइट. एवढ्या दोन नोंदींवरून कोणत्याही तापमानाचे एका श्रेणीतून दुसरीत रूपांतर करता येते, कारण दोन्ही श्रेणींचे अंश समान अंतरावर आहेत आणि दोन भिन्न बिंदूंमधून एकच सरळ रेषा जाते. सेल्सिअसचे अंश ‘क्ष’ आणि फॅरनहाइटचे ‘य’ मानले, तर आपले बिंदू (०, ३२) आणि (१००, २१२) होत.

प्रथम रेषेचा चढ काढावा. एका बिंदूपासून दुसऱ्यापर्यंत जाताना य मध्ये झालेल्या वाढीला क्ष मधील वाढीने भागले, की १८०/१००, म्हणजे ९/५ मिळतात. रेषेवरील कोणतेही दोन बिंदू घेतले तरी हा भागाकार बदलत नाही, आणि सारे समीकरण याच गुणधर्मावर उभे आहे. म्हणून रेषेवरील कोणत्याही बिंदूसाठी (य − ३२)/(क्ष − ०) = ९/५, अर्थात य = (९/५)क्ष + ३२. यात क्ष = ३७ घातल्यास ९८.६ हे परिचित उत्तर येते. क्ष आणि य समान मानल्यास दोन्ही −४० येतात, म्हणजे त्या एका तापमानाला दोन्ही श्रेणी एकच आकडा दाखवतात. (दोन्ही बिंदूंचा क्ष सारखाच असेल, तर छेद शून्य होतो, ती रेषा उभी असते आणि तिला या अर्थाने चढच नसतो.)

वजाबाकीचा क्रम अंशात आणि छेदात एकच ठेवावा लागतो. बहुतेक चुका तेथेच होतात. स्वीडिश खगोलशास्त्रज्ञ आंडर्स सेल्सिअस यांनी १७४२ मध्ये मांडलेली मूळ श्रेणी उलटी होती, म्हणजे पाणी उकळते तेथे ० आणि गोठते तेथे १००. तीच प्रचारात राहिली असती, तर चढ ऋण आला असता आणि आपण य = २१२ − (९/५)क्ष असे लिहिले असते.

येथपर्यंत केवळ बीजगणित झाले. खरा प्रश्न असा, की दोन नोंदींमधून रेषा काढण्याचा अधिकार आपल्याला कोण देते? कोणतेही दोन बिंदू एकरेषीय असतातच, त्यामुळे संबंध सरळ आहे याची साक्ष ते दोघे देऊ शकत नाहीत. समजा, पाऱ्याऐवजी पाणी भरून तापमापक केला, ० आणि १०० च्या खुणा अचूक केल्या आणि मधल्या जागेचे शंभर समान भाग पाडले. पाणी ० ते ४ अंशांपर्यंत आकुंचन पावते आणि पुढे वाढत्या वेगाने प्रसरण पावते. त्यामुळे काचेचे प्रसरण सोडून दिले, तर खऱ्या ५० अंशांना हा तापमापक सुमारे २८ अंशच दाखवील. समीकरण बिनचूक आणि तापमान चुकीचे!

वायूंच्या बाबतीत हा अधिकार प्रयोगांनी मिळवून दिला. बंद भांड्यातील विरळ वायूचा दाब ० अंशांना १ एकक असेल, तर १०० अंशांना तो सुमारे १.३६६ एकक होतो आणि मधल्या नोंदीही त्याच रेषेवर पडतात. (०, १) आणि (१००, १.३६६) यांतून मिळणारे समीकरण दाब = ०.००३६६ क्ष + १. दाब शून्य मानला, की क्ष सुमारे −२७३ येतो. प्रत्यक्षात कोणताही वायू तेथपर्यंत वायुरूपात टिकत नाही. हेलियमसुद्धा सामान्य दाबाला −२६९ अंशांजवळ द्रवरूप होतो. तरीही रेषा मागे वाढवून मिळालेला हा बिंदू निरपेक्ष शून्य म्हणून ओळखला जातो.

शून्य तेथेच सरकवले, तर समीकरणातील मिळवलेले पद नाहीसे होते आणि रेषा आरंभबिंदूतून जाते. अशा रेषेचा एक बिंदू आधीच ठाऊक असल्याने दुसरा एकच पुरतो. १९५४ मध्ये केल्विन या, निरपेक्ष शून्यापासून तापमान मोजणाऱ्या एककाची व्याख्या नेमकी अशीच झाली: पाण्याचे बर्फ, द्रव आणि वाफ ही तिन्ही रूपे एकत्र नांदतात ते तापमान २७३.१६ केल्विन ठरवले गेले, आणि उकळत्या पाण्याच्या खुणेची व्याख्येसाठी गरज उरली नाही.