बक्षिसाचा चेक पोस्टाने आलाय? बँकेत टाकण्याआधी एवढं तपासा

पाकिटात अभिनंदनाचं पत्र, तुमच्या नावाचा पाच लाखांचा चेक आणि खाली 'प्रोसेसिंग फी भरा' म्हणून मोबाईल नंबर. लातूर असो, परभणी असो की हिंगोली, अशा वेळी नियम एकच पाळा: चेक वटून रक्कम पासबुकात चढेपर्यंत कुणालाही रुपयासुद्धा पाठवू नका.

बक्षिसाला पात्र कोण?
ज्याने कूपन भरलं, स्पर्धेत भाग घेतला किंवा तिकीट काढलं, तोच. सरकारी लॉटरीतही तिकिटाशिवाय बक्षीस मिळत नाही. घरातल्या सगळ्यांना विचारा, कारण कधीकधी लेकरांनी दुकानात कूपन भरलेलं असतं. कुणीच काही भरलं नसेल तर बक्षीस लागायचा प्रश्नच येत नाही.

चेक कसा बघायचा?
उजेडासमोर धरा. खऱ्या चेकच्या कागदात 'सीटीएस-इंडिया' हा वॉटरमार्क दिसतो. खालच्या पट्टीत सहा अंकी चेक नंबर असतो आणि त्यापुढे नऊ अंकी एमआयसीआर कोड. त्यातले पहिले तीन अंक शहराचे, मधले बँकेचे, शेवटचे शाखेचे. वर छापलेल्या शाखेशी ते जुळतात का ते बघा. चेकवरच्या तारखेपासून तीन महिने उलटले असतील तर चेक बाद.

आता रक्कम. दहा हजारांवरच्या रोख बक्षिसातून देणाऱ्यानेच ३० टक्के कर कापायचा असतो. म्हणजे पाच लाखांच्या बक्षिसाचे हातात येणार साडेतीन लाख. चेक पूर्ण पाच लाखांचा आणि वर 'टॅक्स आमच्या खात्यात भरा' असा फोन, तर ही सरळ फसवणूक आहे. खरा कापलेला कर तुमच्या पॅनवर जमा दिसतो.

बँकेत काय न्यायचं?
मूळ चेक, पाकिटासह पत्र, पासबुक, आधार आणि पॅन. चेकच्या दोन्ही बाजूंचे फोटो आधी काढून ठेवा. ज्या बँकेचा चेक आहे तिच्या जवळच्या शाखेत जाऊन दाखवा. पत्रातल्या नंबरावर फोन करून खात्री करण्यात अर्थ नाही, तिकडे त्यांचाच माणूस बसलेला असतो. समोरच्याच्या खात्यात किती पैसे आहेत हे बँक सांगणार नाही, पण चेक बनावट दिसत असेल तर तिथल्या लोकांच्या लगेच लक्षात येतं.

चेक खरा वाटला तर स्लिप भरून स्वतःच्या खात्यात टाका. त्यासाठी ओटीपी, एटीएमचा पिन किंवा तुमचा सही केलेला कोरा चेक लागत नाही. 'पैसे जमा झाले' असा मेसेज आला तरी पासबुकात एन्ट्री करून घ्या, कारण तसा मेसेज कुणीही पाठवू शकतो. चेक परत आला तर बँक तुमच्याकडूनही चार्ज घेऊ शकते.

पैसे गेले असतील तर
ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा आणि स्वतःच्या बँकेला कळवा. रक्कम पुढच्या खात्यातून काढली जाण्याआधी कळवलं तर ती गोठवता येते, म्हणून 'गावात कळेल' या लाजेपायी रात्र जाऊ देऊ नका. राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर किंवा पोलीस ठाण्यात तक्रार देताना व्यवहार क्रमांक, समोरच्याचे नंबर, चेक आणि पोस्टाच्या शिक्क्याचं पाकीट सोबत ठेवा. रागाच्या भरात त्यातलं काही फाडू नका.