हाताच्या घामाचं ऑपरेशन करायचं मनात असेल तर आधी हे वाचा

आम्ही पाण्यात हात बुडवून हलका करंट घ्यायची आयोन्टोफोरेसिस मशीन विकतो, त्यामुळे ऑपरेशनबद्दल काही बोललो की स्वतःचा माल खपवतायत असं वाटणारच, वाटू दे. पण मशीन बघायला आलेले बरेच जण हेच विचारतात, की आठवड्यातून तीन-चार वेळा वीस-वीस मिनिटं कोण बसणार, एकदाच ऑपरेशन करून मोकळं झालं तर?

तर ऑपरेशनमध्ये पूर्ण भूल देतात, काखेजवळ छोटी छिद्रं पाडून दुर्बीण आत घालतात आणि मणक्याच्या बाजूने बरगड्यांवरून जाणारी सिम्पॅथेटिक नर्व्ह (हातांना घामाचा संदेश देणारी नस) कापतात किंवा तिला क्लिप लावतात, तळहातांसाठी साधारण तिसऱ्या-चौथ्या बरगडीपाशी. रिझल्ट लगेच दिसतो, बहुतेक जण शुद्धीवर येतात तेच कोरडे हात घेऊन. पेपर लिहिताना हाताखाली रुमाल ठेवावा लागतो, थंब मशीन अंगठा घेतच नाही, शेकहँड करायच्या आधी हात पँटला पुसावा लागतो, हे सगळं ज्यानं वर्षानुवर्षं काढलंय त्याला याची किंमत काय ते वेगळं सांगायला नको.

आता अडचण. हात सुकले की पाठ, पोट, छाती, मांड्या इथे घाम वाढतो, डॉक्टर त्याला कॉम्पेन्सेटरी स्वेटिंग म्हणतात, आणि हा क्वचित होणारा प्रकार नाही, सगळ्यात जास्त दिसणारा साइड इफेक्ट हाच. कोणाला उन्हात किंवा जिने चढल्यावर थोडासा, तर कोणाला इतका की शर्ट पिळावा लागतो आणि आधीचे ओले हात परवडले असं वाटतं. कोणाला किती होईल ते आधी खात्रीनं सांगता येत नाही. दुसऱ्या बरगडीपाशी नर्व्ह तोडली तर धोका जास्त, त्यामुळे कोणत्या लेव्हलला करणार ते सर्जनला स्पष्ट विचारा. क्लिप काढली की सगळं पहिल्यासारखं होतं असं कोणी म्हणालं तर त्यावर विसंबू नका, कधी होतं कधी नाही. पापणी खाली पडणं, फुफ्फुसाच्या बाहेर छातीत हवा साठणं हे कमी वेळा, पण होतं.

मुळात घाम कशाचा आहे ते आधी तपासा. झोपेतही घाम फुटत असेल किंवा अचानक सगळ्या अंगालाच सुरू झाला असेल तर थायरॉइड, शुगर, टीबी, चालू असलेली औषधं, हे बघावं लागतं, तिथे ऑपरेशनही नाही आणि आमचं मशीनही नाही. नुसता हाताचा असेल तर रात्री कोरड्या हाताला लावायचं अॅल्युमिनियम क्लोराइड (घाम रोखणारं औषध), मग मशीन, बोटॉक्स (काही महिने टिकतं, तळहातात सुया मात्र दुखतात) किंवा गोळ्या, ज्यांनी तोंड कोरडं पडतं. हे सगळं करून झाल्यावर ऑपरेशन.

पेसमेकर असेल किंवा प्रेग्नन्सी असेल तर मशीन वापरायचं नाही. आणि ऑपरेशन केलंच तरी मशीन लगेच विकून टाकू नका, छातीतल्या ऑपरेशननं तळपायाचा घाम थांबेलच असं नाही, पायांना ते वापरता येतं.