कंदीलपुष्प माशा खात नाही

सह्याद्रीत पावसाळा सुरू झाला की हा दावा पुन्हा फिरू लागतो: कंदीलपुष्पाची वेल कीटकभक्षी आहे. ती तशी नाही.

फुलाच्या नळीत बारीक माशा अडकतात, एवढं खरं. वासाने आलेली माशी आत घसरते आणि नळीतले खाली वळलेले केस तिला वर चढू देत नाहीत. पण पचवणारा रस या फुलात नसतोच. तळाशी धडपडताना तिच्या सोंडेला परागपुंज चिकटतात. पुढे केस कोमेजतात आणि माशी जिवंत सुटते, दुसऱ्या फुलात जायला मोकळी. खरी कीटकभक्षी म्हणजे सड्यांवरची, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या खडकाळ पठारांवरची, दवबिंदू ही वनस्पती.

कंदीलपुष्पाच्या संवर्धनाचं सगळं गणित याच माशीवर आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाने कंदीलपुष्पाच्या अनेक जाती वाढवल्या, हे मोलाचं काम. पण रोपं डोंगरात लावली आणि तिथे माशाच नसल्या, तर शेंगा धरायच्या कशा? म्हणून संवर्धनाच्या आराखड्यात रोपांइतकाच ती जिथे वाढतात तो डोंगरउतारही हवा: वणवे थांबवणं, आधाराची झुडपं राखणं, खाण्यासाठी होणारी कंदांची खोदाई रोखणं. आणि कृपा करून फोटोसोबत नेमकं ठिकाण टाकू नका.