रुखरुख, उत्तर आणि ‘क्लोजर’

कोल्हापुरात पंचगंगेच्या घाटावर दहाव्याला पिंड मांडून माणसे मागे सरतात आणि कावळ्याची वाट पाहतात. तो लवकर शिवला नाही, की कुजबुज सुरू होते. मग कोणीतरी पुढे होऊन हात जोडतो आणि “धाकटीचं लग्न मी लावून देतो, काळजी करू नका,” असे मोठ्याने सांगतो. गेलेल्या माणसाचे राहिलेले काम त्या क्षणी चारचौघांसमक्ष कोणाच्या तरी अंगावर येते. कावळ्याविषयीची श्रद्धा क्षणभर बाजूला ठेवली, तरी हल्ली ज्याला ‘क्लोजर’ म्हणतात, म्हणजे राहून गेलेल्या गोष्टीचा निकाल लागून मन मोकळे होणे, त्याचा एक खरा अंश मला या शब्द देण्यात दिसतो.

ही कल्पना मुळात दुःखासाठी घडलेली नव्हती. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीतील गेस्टाल्ट मानसशास्त्रज्ञांनी, म्हणजे मन सुटे तुकडे नव्हे तर अखंड आकृती पाहते असे मानणाऱ्यांनी, ती दृष्टीविषयी मांडली: थोडे तुटलेले वर्तुळही आपल्याला वर्तुळच दिसते, कारण राहिलेली फट मन भरून काढते. १९२७ मध्ये ब्लूमा झाइगार्निक यांनी अर्धवट सोडायला लावलेली कामे पुऱ्या केलेल्या कामांपेक्षा अधिक आठवतात, असे प्रयोगांतून दाखवले; पुढे इतरांना हा परिणाम दर वेळी आढळला नाही. त्यानंतर आरी क्रुग्लान्स्की यांनी संदिग्धता सहन न होऊन कसले तरी पक्के उत्तर हवे असण्याच्या ओढीचा अभ्यास केला. ही ओढ तीव्र झाली, की माणूस हाती आलेल्या पहिल्या उत्तराला घट्ट धरतो, मग ते चुकीचे का असेना. “माझ्यामुळेच तो गेला” हेही असेच एक उत्तर असते.

उत्तर मिळणे आणि दुःख संपणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि ‘क्लोजर’ हा एकच शब्द दोन्हींसाठी वापरल्यामुळे घोटाळा होतो. मृत्यूचे कारण कळले, भांडण मिटले, मृतदेह मिळाला, तर रुखरुख कमी होऊ शकते. उणीव मात्र राहतेच. व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या अमेरिकी वैमानिकांच्या कुटुंबांचा पॉलीन बॉस यांनी १९७० च्या दशकात अभ्यास केला आणि अशा अवस्थेला संदिग्ध वियोग म्हटले. माणूस गेला म्हणावे तर पुरावा नाही, आहे म्हणावे तर तो घरात नाही. सात वर्षे ठावठिकाणा नसलेल्या माणसाला आपला कायदा मृत मानू शकतो, पण त्या तारखेनंतरही दार वाजले की आईचे लक्ष तिकडे जाणारच, आणि तिला “आता क्लोजर घ्या” असे सांगणे मला निर्दय वाटते.

१९९६ पासून ‘टिकून राहणारे बंध’ या नावाने मांडला जाणारा विचार तर सांगतो, की मृताशी नाते राखणे हा स्वतःहून आजार नव्हे. पितृपंधरवड्यात दरवर्षी तिथीला वडिलांच्या आवडीची भाजी पानात वाढणाऱ्या घराला हे नवे नाही. दुःखाची तीव्रता मात्र महिनोन्‌महिने तशीच राहून रोजचे जगणेच अडले, तर ती उपचाराची बाब ठरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात, किमान सहा महिन्यांच्या अटीसह, दीर्घकालीन शोकविकाराची नोंद आहे.

म्हणून भेटायला गेल्यावर “क्लोजर मिळालं का?” असे विचारण्यापेक्षा “काय राहून गेलंय?” असे विचारावे. कोणी बँकेतल्या वारसनोंदीचे नाव काढेल, कोणी न मागितलेल्या माफीचे. पहिल्या कामात सोबत जाता येते. दुसरे नुसते ऐकून घ्यावे लागते.