रायली

गढूळ पाणी आणि चिडलेला माणूस या दोहोंना लावले जाणारे, मुख्यतः अमेरिकेतील बोलभाषेचे इंग्रजी विशेषण. ‘रॉइली’ हे त्याचेच ग्रांथिक रूप. ते मात्र माणसापेक्षा पाण्यालाच अधिक लावतात.

दोन्ही रूपांच्या मुळाशी ‘रॉइल’ हे क्रियापद आहे. तळाचा गाळ ढवळून द्रव गढूळ करणे, हा त्याचा अर्थ. ते साधारणतः सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून आढळते. त्याची व्युत्पत्ती वादग्रस्त आहे. एका मतानुसार ते गंजणे, मळणे या अर्थाच्या फ्रेंच ‘रुइये’वरून आले असावे. त्यामागे लॅटिन ‘रोबीगो’ म्हणजे गंज हा शब्द आहे. पिकावरील तांबेऱ्यालाही रोमन लोक हेच नाव देत आणि तो टळावा म्हणून 25 एप्रिलला ‘रोबिगालिया’ हा विधी करीत. तांबडेपणाच्या ज्या मूळ धातूपासून ‘रोबीगो’ निघाला, त्यापासूनच संस्कृत ‘रुधिर’ही निघाला, असे मानतात. दुसऱ्या मतानुसार मूळ शब्द जुन्या फ्रेंचमधील, चुना-वाळू कालवणे या अर्थाचा असावा. ढवळण्याची क्रिया या मतात थेट येते. तरीही गढूळपणाचा अर्थ पहिल्या व्युत्पत्तीतून अधिक सहज निघतो. निर्णायक पुरावा मात्र कोणत्याच बाजूला नाही.

‘रायली’ ज्यावरून बनले ते ‘राइल’ हे ‘रॉइल’चेच बदललेले रूप. ‘रॉइल’चे ‘राइल’ होण्यात अवघड काही नाही. सतराव्या-अठराव्या शतकांत ‘ऑइ’ आणि ‘आइ’ हे उच्चार इंग्रजीत बरेचसे एक झाले होते. कवी ‘जॉइन’चे यमक ‘लाइन’शी जुळवीत. पुढे शिष्ट भाषेने लेखनाला धरून ‘ऑइ’ परत आणला, बोलींनी ‘जाइन’ आणि ‘बॉइल’ (उकळणे) याचे ‘बाइल’ राखले. (गळू या अर्थाचा ‘बॉइल’ मात्र उलट वाटेने आला, त्याचे जुने रूप ‘बाइल’च.) ‘राइल’ हे लेखन एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत रूढ झालेले दिसते.

रागाचा अर्थ नवा नव्हे. अमेरिकी कोशकार नोआ वेब्स्टरने 1828 च्या कोशात ‘रॉइल’खाली पिंपातील वा बाटलीतील मद्य गढूळणे आणि काहीसा राग आणणे हे दोन्ही अर्थ दिले असून ते न्यू इंग्लंडमध्ये सर्रास चालतात, असे नोंदवले आहे. आज ‘राइल’मध्ये राग उरला आहे, गाळ जवळजवळ नाही.

मराठीत मन गढूळते ते संशयाने वा किल्मिषाने. रागासाठी ‘खवळणे’ आहे, आणि समुद्रही खवळतोच.

रायली या आडनावाशी या शब्दाचा संबंध नाही.